पॉइंट टू टू पिस्तूल सारखं अडकतंय? राउंड उपटून फेकू नका, आधी नीट बघा

परवा वरळीला नेमबाजीच्या रेंजवर एक ज्युनियर पोरगा मोबाईल नाचवत आला, त्यात कुठल्यातरी अमेरिकन माणसाचा व्हिडिओ, घरच्या गॅरेजात बसून स्वतः काडतुसं भरतोय, बुलेट किती खोल बसवायची, केसचं, म्हणजे पुंगळीचं, तोंड किती आवळायचं, कॅलिपर लावून लांबी मोजतोय, आणि पोरगा मला विचारतो, ताई माझं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकतं ते असल्याच काहीतरी लांबीच्या भानगडीमुळे असेल का? म्हटलं बाबा, तुझा राउंड, म्हणजे काडतूस, फॅक्टरीतून तयार होऊन येतो, त्याची लांबी तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे घोळ नको. आपल्याकडे घरी काडतुसं भरणं हा विषयच नाही. शस्त्र कायदा १९५९, त्याचं कलम ५ वाचा, लायसन्सशिवाय काडतूस बनवणं सोडाच, धंदा म्हणून हत्यार दुरुस्त करायलाही लायसन्स लागतं. तिकडचे लोक ज्या ९ एमएमच्या गोळ्या भरत बसतात तो बोअर, म्हणजे ते नळीचं मापच आपल्याकडे सामान्य माणसाला बंद आहे. आणि आपण जी वापरतो ती .२२ लाँग रायफल तर परत भरताच येत नाही, कारण तिला मागे वेगळा प्रायमर नसतो, ठिणगीचा मसाला पुंगळीच्या मागच्या कडेत, म्हणजे रिममध्येच भरलेला असतो, आणि पिस्तुलाची पिन तीच कड चेपते. एकदा चेपली की संपलं.

पण राउंड मॅगझिनमधून (राउंड भरायच्या डबीतून) उठून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, राउंड बसायच्या जागेत) जाताना का अडकतो हे शोधायची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच आहे, म्हणून हे लिहायला बसले. मी दादरला सावरकर स्मारकात एअर पिस्तुलापासून सुरुवात केली, तिथे अडकायचा प्रश्नच नव्हता, एक छर्रा घाला एक मारा. २५ मीटरला आले, पाच-पाच गोळ्यांच्या सिरीज, आणि पहिलं वर्ष अर्धं या जॅममध्येच गेलं.

अडकलं की पहिली दहा सेकंदं

नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरवरून बाहेर, मोकळा हात वर. बस्स. मॅचमध्ये असाल तर पिस्तुलाला दुसरं काहीही करू नका. रेंज ऑफिसरने बघायच्या आधी तुम्ही बोल्टला (मागेपुढे सरकून राउंड आत ढकलणाऱ्या भागाला) किंवा सेफ्टीला हात लावलात तर ते मालफंक्शन तुमच्याच खात्यात जातं, परत मारायची संधी मिळत नाही. स्टँडर्ड पिस्तूल या प्रकारातल्या १० सेकंदांच्या सिरीजमध्ये डोकं गरम झालेलं असतं, हात आपोआप बोल्टकडे जातो. प्रॅक्टिसमध्येही हीच सवय लावा, हात वर आणि थांबा.

नुसता 'टक्' आवाज आला आणि गोळी सुटली नाही तर निदान ३० सेकंद नळी तशीच समोर धरून थांबा, एखादा राउंड उशिरा पेटू शकतो. आणि नेहमीच्या 'टाक्'ऐवजी 'फुस्स' असा मेलेला आवाज आला तर ताबडतोब थांबा, पुढचा राउंड मारायचा नाही म्हणजे नाही. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून, रेंज ऑफिसरसमोर नळी आरपार मोकळी आहे याची खात्री करूनच पुढे.

अजून एक, यावर मी ओरडते. अर्धवट अडकलेला राउंड स्क्रू ड्रायव्हरने, पिनेने, चावीने उचकटायचा नाही. मसाला रिममध्ये आहे हे वर सांगितलं ना, मग लोखंडी टोक नेमकं रिमवर बसलं तर काय होईल ते तुम्हीच समजा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून धरा, तरी नाही निघालं तर लाकडी काडीने हळूच, रिमला न टेकता. आणि बोल्ट एक-दोन मिलीमीटर उघडा राहिला असेल तर अंगठ्याने रेटून बंद करायचा नाही, का राहिला ते बघायचं.

काढायच्या आधी बघा

माझ्या पहिल्या जॅमला मी काय केलं, रागाने बोल्ट ओढला, राउंड टणकन खाली पडला, आणि मी रेंजवरच्या एका जुन्या काकांकडे गेले, काका सारखं अडकतंय हो. ते म्हणाले, कसं अडकलं होतं? मला सांगता येईना. म्हणाले, अगं मग पुरावा फेकून माझ्याकडे कशाला आलीस. खाली पडलेला तो राउंड त्यांनी उचलून आणायला लावला, खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं आणि मला दाखवलं, बुलेटच्या नाकाखाली नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटली होती, बाकी सगळं शिसं मळकट. म्हणजे राउंड वर उठायच्या आधीच नाक खाली फीड रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटलं होतं. एवढ्या एका चकाकीवरून त्यांनी सांगितलं, तुझं पिस्तूल ठीक आहे, मॅगझिन बघ.

तर कसं अडकलंय त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

नाक खाली आपटलंय, म्हणजे मॅगझिन पूर्ण वरपर्यंत बसलेलं नाही, नाहीतर त्याची स्प्रिंग थकलीय, नाहीतर त्याचे ओठ, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, पुढून जास्त आवळलेत. नाक वर जाऊन चेंबरच्या वरच्या कडेला आपटलंय, म्हणजे ओठ फाकलेत आणि राउंड लवकर सुटतोय. राउंड जवळजवळ पूर्ण आत आहे पण बोल्ट थोडासा उघडा, तर चेंबर घाण आहे किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (रिम धरून पुंगळी बाहेर ओढणाऱ्या नखाच्या) खाचेत कचरा आहे म्हणून रिम तिथे सरकत नाहीये. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी आहे किंवा चेंबरमध्येच बसलीय आणि मागून नवा राउंड तिला ढुसण्या देतोय, तर ही फीडिंगची तक्रारच नाही, जुनी बाहेर पडत नाहीये. अर्धे लोक इथेच चुकतात, फीड होत नाही म्हणून रॅम्पकडे बघत बसतात आणि खरा गुन्हेगार एक्स्ट्रॅक्टर असतो. आणि बोल्ट बंद झाला, 'टक्' झालं, उघडून बघितलं तर चेंबर रिकामं आणि राउंड मॅगझिनमध्ये तसाच, म्हणजे बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही किंवा राउंड वर यायला उशीर झाला.

मोबाईलने फोटो काढा, पण नळी समोर ठेवून, रेंज ऑफिसरला विचारून, शक्यतो दुसऱ्याला काढायला सांगा. एका हातात पिस्तूल आणि एका हातात फोन हा प्रकार मला बघायला आवडत नाही.

कितवा राउंड, कुठलं मॅगझिन

मॅगझिनांवर नंबर टाका. नेलपॉलिशचे ठिपके चालतात, एक ठिपका, दोन ठिपके. मग वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कुठलं मॅगझिन, पाचातला कितवा राउंड, आणि डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा नंबर. महिनाभरात वही स्वतः बोलायला लागते.

कायम पहिलाच राउंड अडकत असेल तर आधी स्वतःचा हात बघा. खूप जण बोल्ट हळुवार हाताने पुढे सोडतात, जसं काही काचेचं भांडं ठेवतायत. पूर्ण मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं. कायम शेवटचा अडकत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग, कारण शेवटच्या राउंडपर्यंत ती सगळ्यात सैल झालेली असते आणि थकलेली स्प्रिंग तिथेच उघडी पडते. मधलाच कुठलातरी, पण दरवेळी तोच, तर रिम एकमेकांत अडकतायत, त्याचं खाली सांगते. आणि कधी दुसरा कधी चौथा कधी आठवडाभर काहीच नाही, असं असेल तर घाण किंवा अॅम्युनिशन, म्हणजे काडतुसंच.

मग साधी अदलाबदल. त्याच डब्यातले राउंड, त्याच दिवशी, दुसऱ्या मॅगझिनमधून मारा. तक्रार मॅगझिनबरोबर गेली तर पिस्तूल सुटलं. दोन्हीत आली तर मॅगझिन सुटली, मग डबा बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हो, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक मॅगझिन बदलतात, तेल घालतात, अॅम्युनिशन बदलतात, सगळं एका रविवारी, आणि मग चालायला लागलं की कशाने चाललं ते कोणालाच माहीत नाही, पुढच्या महिन्यात परत तेच.

मॅगझिन, इथेच जास्त वेळ घालवा

माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात तक्रारी इथेच मिटतात.

.२२ची रिम पुंगळीच्या अंगापेक्षा बाहेर आलेली असते, साधारण ७ मिलीमीटर व्यासाची. राउंड एकावर एक रचताना वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असायला हवी. ती मागे गेली तर बोल्ट वरच्याला पुढे ढकलताना त्याची रिम खालच्याच्या रिमला धरते आणि दोघं मिळून अडकतात. यालाच रिम लॉक म्हणतात. हे होतं कसं, तर बऱ्याच मॅगझिनांना बाजूला फॉलोअरचं (स्प्रिंगवरच्या, राउंड वर ढकलणाऱ्या पट्टीचं) बटण असतं, आपण घाईत ते एकदम तळापर्यंत ओढतो आणि वरून राउंड सोडतो, ते आत गडगडतात, कोणाची रिम कोणाच्या मागे जाते देव जाणे. त्या ज्युनियर पोराचं नेमकं हेच होतं! मी त्याला पाच राउंड भरायला लावले, दोन सेकंदात भरून दाखवले, वर कौतुकाने बघतोय माझ्याकडे. मॅगझिनच्या बाजूच्या फटीतून दाखवलं, दुसऱ्याची रिम तिसऱ्यावर चढून बसलेली. बटण एका राउंडपुरतंच खाली ओढायचं, राउंड पुढून मागे सरकवत ओठांखाली न्यायचा, रिम मागच्या भिंतीला हलकी टेकली की पुढचा. पाचही झाले की मॅगझिनची मागची बाजू तळहातावर दोन-तीनदा हलकेच ठोका. आणि पाचच, मॅगझिनमध्ये जास्त मावत असले तरी २५ मीटरच्या सिरीजला पाचच भरायचे.

मग स्वच्छता. तळाची प्लेट सरकवून काढा, अंगठा वर ठेवा नाहीतर स्प्रिंग उडून शेजारच्याच्या लेनमध्ये जाईल आणि रांगत शोधायला लागेल. आतून कोरड्या कपड्याने पुसा, फॉलोअर दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा, स्प्रिंग कुठल्या बाजूने बसली होती ते लक्षात ठेवा. उलटी घातली तर फॉलोअर वाकडा उठतो आणि नवीनच तक्रार सुरू होते. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नाही. पुसल्यासारखं बोट फिरवलंत तर ठीक, पण ओलं मॅगझिन म्हणजे मेण, शिसं, जळकी पावडर यांचा चिखल.

ओठ बघायचे ते दोन मॅगझिनं शेजारी धरून, उजेडाकडे तोंड करून. माझं दोन ठिपक्यांचं मॅगझिन एकदा रिकामं असताना हातातून सिमेंटवर पडलं होतं, मी पुसून परत वापरलं, तीन आठवडे डोक्याला ताप. नंतर शेजारी धरलं तर डावा ओठ कागदाच्या जाडीएवढा आत. पक्कड घेऊन घरी सरळ करायचा मोह होतो, नका करू, जास्त वाकला की मॅगझिन फुकट, आणि ही मॅगझिनं बाहेरून मागवायची म्हणजे किती महिने थांबायचं ते तुम्हाला माहीत आहेच.

चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर

.२२ ही मुळात घाणेरडी गोळी आहे. १८८७ पासून तिची रचना तीच आहे, बुलेट पुंगळीच्याच जाडीची, शिसं उघडं आणि वंगण बाहेरून लावलेलं. म्हणजे चेंबरमध्ये जाताना ते मेणकट वंगण तिथे पुसलं जातं, त्यावर काजळी बसते, त्यावर परत वंगण, असे थर. एक दिवस राउंड शेवटचा मिलीमीटर आत जातच नाही.

पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघून आणि बोट घालून तपासलेलं, राउंडचा डबा खोलीतच नको. मग सॉल्व्हंट (काजळी सोडवणारं द्रव) लावलेला चेंबर ब्रश मागच्या बाजूने घालून हाताने फिरवायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचं, परत ब्रश, मग कापडाच्या पट्ट्या कोरड्या निघेपर्यंत. ओलं चेंबर ठेवून मारायला जायचं नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साठलेलं काळं दात कोरायच्या लाकडी काडीने काढा, निघालेलं बघून तुम्हीच म्हणाल यात रिम शिरत कशी होती. बोल्टच्या तोंडावरूनही काडी फिरवा. रॅम्पला फक्त पुसायचं. सँडपेपर, फाइल, पॉलिशचा दगड, सगळं लांब ठेवा, यूट्यूबवर लोक रॅम्प आरशासारखा करतात ते त्यांचं त्यांना लखलाभ.

चेंबर धुऊनही राउंड त्याच जागी अडत असेल तर चेंबरची मागची कड भिंगातून बघा. एका जागी बारीकसा चेपलेला खड्डा आणि त्याच्या बाजूला आत आलेली धार दिसली तर कोणीतरी रिकामं पिस्तूल खूप 'टक टक' केलंय. रिमफायरमध्ये राउंड नसेल तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते. ड्राय फायरची, म्हणजे असं रिकामं चालवायची, सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर स्नॅप कॅप (खोटा राउंड) घाला. आलेली धार काढणं हे लायसन्सवाल्या आर्मररचं, म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याचं काम, तुमचं माझं नाही.

अॅम्युनिशन

टार्गेट पिस्तुलांची स्प्रिंग आणि बोल्टचं वजन स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या गोळीला जुळवलेलं असतं, ४० ग्रेनची म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची बुलेट, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. कोणीतरी सांगतं, अडकतंय ना, हाय व्हेलॉसिटी मार, जोरात मागे जाईल बोल्ट. जातो खरा, पण पिस्तूल ठोकून निघतं, आणि बोल्ट इतक्या वेगाने परत येतो की कधीकधी राउंड वर यायच्या आतच निघून जातो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच मारा.

एकाच कंपनीचे दोन लॉट वेगळे वागू शकतात. मला एकदा एक लॉट असा मिळाला की त्याचं वंगण इतकं चिकट, बोटाला लागलं की साबणाने धुवावं लागे, दोन्ही मॅगझिनांत अडकायचा. कंपनी चांगली, पिस्तूल चांगलं, एकमेकांशी जमत नव्हतं एवढंच. तो मी सावकाश मारायच्या स्लो फायरला संपवला आणि भरभर मारायच्या रॅपिडला दुसरा ठेवला.

मुंबईत उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत डबा ठेवू नका. मेण पातळ होतं, मग त्याला रेंजवरची धूळ चिकटते. भरताना प्रत्येक राउंड बोटात एकदा फिरवून बघायचा, नाक चेपलंय का, बुलेट पुंगळीत वाकडी आहे का, डुगडुगतेय का. असला राउंड बाजूला, रेंजवरच जमा करायचा, घरी आणायचा नाही. खाली पडलेला राउंड पुसून परत भरणारे लोक मी बघितलेत, बुलेटच्या मेणात वाळूचा कण घेऊन तो राउंड तुमच्या नळीतून जातो हे त्यांना कोण सांगणार.

सेंटर फायर प्रकारात .३२ वॉडकटर मारणाऱ्यांचं दुखणं अजून वेगळं, त्या बुलेटला नाकच नसतं, सपाट डबी, शिवाय पुंगळीला रिम. तिथे मॅगझिनचे ओठ केसभर हलले तरी संपलं.

हात, आणि मग पावसाळा

मनगट ढिलं असेल तर धक्क्यातली ताकद पिस्तूल उचलण्यात जाते आणि बोल्ट अपुरा मागे येतो. तपासायला सोपं, तुमच्यापेक्षा घट्ट मनगटाच्या कोणाला तरी तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, रेंज ऑफिसरच्या परवानगीने वीस राउंड मारायला द्या. त्याच्याकडे एकदाही अडकलं नाही तर उत्तर मिळालं. वाईट वाटून घेऊ नका, माझंही निघालं होतं, सिरीजच्या शेवटच्या दोन गोळ्यांना, हात थकल्यावर. रॅपिड फायरला ४ सेकंदात पाच टार्गेट घेताना थकलेला हात लपत नाही. नेमबाज विजय कुमारने २०१२ला लंडन ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात सिल्व्हर आणलं, तेव्हापासून रॅपिडकडे बघायची माझी नजरच बदलली.

जून ते सप्टेंबर इथली हवा म्हणजे ओला टॉवेल. रेंजवरून आलात की बॅगेतच पिस्तूल ठेवून जेवायला बसू नका. फोमची केस ओल धरून ठेवते. पुसून, बाहेरून आणि बोल्टच्या सरकपट्टीला तेलाचा पातळ हात, सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या आठवड्याने बदला. मॅगझिनची स्प्रिंग गंजली तर वरून दिसत नाही, पण शेवटचा राउंड अडकायला लागतो. जुलैत एकदा सगळी मॅगझिनं उघडून बघायचीच.

दुरुस्ती जमली असं वाटलं की प्रत्येक मॅगझिनमधून सलग दहा सिरीज, म्हणजे ५० राउंड, मॅचचाच लॉट, मॅचच्याच वेगाने. मध्ये एक जरी अडकला तरी मोजणी परत शून्यापासून. मॅचच्या आदल्या दिवशी अगदी चकाचक सफाई करू नका, केलीत तर पंधरा-वीस राउंड मारून घ्या.

आणि एवढं करूनही नाहीच सुटलं तर आर्मररकडे जाताना नुसतं पिस्तूल नेऊ नका. सगळी मॅगझिनं न्या, ठिपक्यांसकट, वहीचं पान न्या, जॅमचे फोटो न्या, लॉट नंबर न्या, लायसन्स तर न्यायचंच. आमच्याकडचे आर्मरर तसे तोंडाने फटकळ, 'चालत नाही' एवढं सांगितलं की महिनाभर कोपऱ्यात ठेवून देतात, पण पान हातात दिलं की चष्मा लावून वाचतात, आणि दोन ठिपकेवालं मॅगझिन आधी उचलतात.